पेशी जगली, म्हणजे कीटकनाशक निर्धोक ठरले का?

कीटकनाशकाची मानवी पेशींवर होणारी चाचणी बाहेरून पाहणाऱ्याला साधी वाटते. प्लास्टिकच्या तबकडीत 96 छोट्या खाचा असतात, प्रत्येक खाचेच्या तळाशी हजारो पेशी वाढवलेल्या असतात आणि 37 अंश सेल्सिअस तापमानाला ठेवलेल्या या पेशींना कीटकनाशकाच्या चढत्या मात्रा दिल्या जातात. एक-दोन दिवसांनी खाचांमध्ये एमटीटी हे पिवळे द्रव्य घालतात. जिवंत पेशींतील विकरे (एन्झाइम) त्याचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात. मेलेल्या पेशींना ते जमत नाही. स्फटिक विरघळवून रंगाचा गडदपणा मोजला, की कोणत्या मात्रेला निम्मा रंग उरला हे कळते. 1983 मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत स्वस्त आणि जलद आहे. मात्र तिचा निकाल वाचताना फार सावध राहावे लागते.

क्लोरपायरिफॉसचेच पाहा. हे कीटकनाशक शरीरात गेल्यावर यकृतातील सायटोक्रोम पी-450 गटातील विकरे त्यातील गंधकाचा एक अणू काढून त्या जागी ऑक्सिजनचा अणू बसवतात, आणि या बदलातून तयार होणारे ऑक्सॉन मूळ रसायनापेक्षा कितीतरी जहाल असते. मज्जासंस्थेतील ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला तेच निकामी करते. प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या हेप-जी2 या यकृतपेशींमध्ये मात्र पी-450 विकरे फारच कमी असतात. त्यामुळे ज्या विषाची खरी भीती आहे ते अशा खाचेत पुरेसे तयारच होत नाही, आणि तरीही निकाल दिलासा देणारा येऊ शकतो. म्हणूनच पेशी कोणत्या वापरल्या, हा प्रश्न मला सर्वांत आधी विचारावासा वाटतो.

शिवाय जिवंत पेशी धडधाकट असेलच असे नाही; तिच्यातील डीएनए तुटलेला असू शकतो. कॉमेट चाचणीत पेशींतील डीएनए विजेच्या प्रवाहाने जेलमधून ओढला जातो. तो तुटलेला असेल, तर त्याचे तुकडे केंद्रकाबाहेर शेपटीसारखे पसरलेले सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

आणखी एक उणीव बाटलीतील मिश्रणाची आहे. अनेक चाचण्या केवळ शुद्ध सक्रिय घटकावर होतात, पण शेतात फवारले जाते ते द्रावक आणि पृष्ठसक्रिय द्रव्ये (फवारा पानावर नीट पसरवणारी) मिसळलेले उत्पादन. ग्लायफोसेट या तणनाशकासोबत वापरले जाणारे पीओईए हे पृष्ठसक्रिय द्रव्य पेशींवरील प्रयोगांत खुद्द ग्लायफोसेटपेक्षा बरेच अधिक घातक आढळले आहे, कारण ते पेशीच्या आवरणालाच इजा करते. ग्लायफोसेटच्या उत्पादनांत पीओईए वापरण्यास युरोपीय संघाने 2016 मध्ये मनाई केली.