डबल मार्करमध्ये 'हाय रिस्क' आलंय, आता पुढं काय?

पस्तिशीनंतर गरोदर राहिलेल्या बाईच्या मोबाईलवर डबल मार्करचा रिपोर्ट येतो, बहुतेकदा संध्याकाळी उशिरा, डॉक्टरांनी बघायच्या आधी तिनंच तो उघडलेला असतो आणि त्या सगळ्या कागदांत तिला एकच ओळ दिसते, हाय रिस्क. जाड ठशात नाहीतर लाल अक्षरात. मग रात्रभर गूगल, सकाळी सुजलेले डोळे, आणि घरात कुणीतरी म्हणतंच की आधीपासून सांगायलोय, एवढा उशीर करू नका म्हणून. मी बारावीला बायॉलॉजी शिकवते त्यामुळे ओळखीतल्या बायका असले रिपोर्ट मला पाठवतात, आणि दर वेळी वाटतं की हा कागद वाचायचा कसा हे कुणी आधी नीट बसून सांगितलं असतं तर निम्मी भीती तिथंच उतरली असती. म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचाय, पण आकडा काय म्हणतोय हे आपल्यालाही कळलं पाहिजे.

तर पहिली गोष्ट, डबल मार्कर हे निदान नाही, बाळाला डाऊन सिंड्रोम, म्हणजे २१ नंबरचं गुणसूत्र एक जास्त, असण्याची शक्यता किती याचा तो अंदाज आहे. ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत आईच्या रक्तातले दोन घटक मोजतात, फ्री बीटा एचसीजी आणि पॅप-ए, दोन्ही वारेतून आईच्या रक्तात येतात. त्याच सुमाराला सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागचा पाण्याचा पातळ थर मोजतात, त्याला एनटी म्हणतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या गर्भात सरासरीने बीटा एचसीजी जास्त, पॅप-ए कमी आणि एनटी जाड सापडतो, पण हे सगळं सरासरीचं झालं, एकेका बाईचं वेगळं असू शकतं आणि असतंच. हे आकडे आणि आईचं वय सॉफ्टवेअरमध्ये घालतात आणि बाहेर येतं १:९०, १:२१०, १:१५०० असं काहीतरी. बऱ्याच लॅब १:२५० ला रेघ मारतात, त्याच्या अलीकडे, म्हणजे दुसरा आकडा २५० पेक्षा लहान आला, की हाय रिस्क.

आता उशिराच्या गरोदरपणातली खरी गोम इथं आहे. तुमचं वय त्या हिशोबात आधीच बसलेलं असतं. डाऊन सिंड्रोमचं बाळ जन्मायची शक्यता आईच्या पंचविशीत साधारण १२५० मध्ये १ असते, पस्तिशीत ३५० मध्ये १, चाळिशीत १०० मध्ये १, आणि पंचेचाळिशीला ३० मध्ये १ च्या आसपास. म्हणजे चाळीस वर्षांची बाई लॅबच्या खुर्चीवर बसली, अजून सुईसुद्धा टोचली नाही, तेव्हाच ती १:२५० च्या रेघेच्या अलीकडे असते. जुळे सोलापूर भागातल्या माझ्या ओळखीच्या एका ताईंचा रिपोर्ट असाच होता, वय ४०, शेवटचा आकडा १:२१०, वर लाल अक्षरात हाय रिस्क, आणि ताई दोन दिवस जेवल्या नव्हत्या. मी त्यांना त्याच रिपोर्टमधली वरची एक ओळ दाखवली जी कुणी वाचतच नाही, एज रिस्क. तिथं १:१०० च्या आसपासचा आकडा होता. म्हणजे नुसत्या वयावरून जेवढी शक्यता धरली होती ती रक्त आणि सोनोग्राफी बघितल्यावर कमी होऊन निम्म्यावर आली होती! रिपोर्ट खरं तर चांगल्या दिशेनं गेला होता, फक्त रेघेच्या पलीकडे पोचला नव्हता. ताईंनी तो कागद परत हातात घेतला, चष्मा लावला, आणि बराच वेळ त्या दोन ओळींवर बोट फिरवत बसल्या.

म्हणून तुमच्या रिपोर्टमध्ये आधी एज रिस्क शोधा, मग शेवटचा आकडा बघा आणि दोन्ही शेजारी ठेवा. आकडा वयापेक्षा सुधारलाय की बिघडलाय हे बघायचं. एज रिस्क १:१०० असताना शेवटी १:१५ आलं असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, तिथं रक्त आणि सोनोग्राफी खरंच काहीतरी सांगतायत आणि पुढची तपासणी टाळू नये.

आणि आकडा उलटा करून वाचायची सवय लावा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला २१० बायका जमल्यात आणि सगळ्यांच्या पर्समध्ये १:२१० चा रिपोर्ट आहे असं समजा. त्यातल्या २०९ जणींच्या बाळाला डाऊन सिंड्रोम नाही. एकीच्या बाळाला आहे. ती एक कोण हे या तपासणीला माहीत नाही, तपासणीनं फक्त एवढंच सांगितलंय की या घोळक्यात अजून एकदा नीट बघा. सगळ्या वयाच्या १००० गरोदर बायका घेतल्या तर रक्त आणि एनटी मिळून केलेल्या तपासणीत साधारण ५० जणींना उगाचच हाय रिस्क येतं आणि खरोखर डाऊन सिंड्रोमची बाळं त्या हजारात एक किंवा दोन असतात. चाळिशीच्या बायकांत उगाच हाय रिस्क येणाऱ्या याहून बऱ्याच जास्त, कारण तेच, वय.

अजून एक, रिपोर्टच्या पहिल्या पानावरची माहिती तपासा, हे मी हात जोडून सांगते. जन्मतारीख बरोबर आहे का, वजन त्या दिवशीचंच लिहिलंय का, आठवडे सोनोग्राफीतल्या बाळाच्या लांबीवरून धरलेत की पाळीच्या तारखेवरून, जुळी असतील तर तसं नोंदवलंय का, मधुमेह आहे का, आयव्हीएफ असेल तर बीज कुणाचं आणि त्या वेळी तिचं वय काय. दुसऱ्या बाईचं बीज वापरलं असेल तर हिशोबात तिचं वय जातं, तुमचं नाही. यातलं एक जरी चुकलं तर शेवटचा आकडा चुकतो. आपल्याकडे रक्त सोलापुरात काढतात आणि नमुना पुण्या-मुंबईला जातो, मधे फॉर्म भरणारा वेगळा, टाईप करणारा वेगळा. चूक सापडली तर नवीन रक्त द्यायची गरज बऱ्याचदा पडतही नाही, दुरुस्त माहितीवर लॅब परत हिशोब करून देऊ शकते.

वयाचा आणि डाऊन सिंड्रोमचा संबंध काय ते थोडं सांगते, कारण याच्याशी दोष देण्याचं सगळं राजकारण जोडलेलं आहे. बाईची बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात, विभाजन सुरू करून अर्ध्यावर थांबतात, आणि तशीच थांबून राहतात, ज्या महिन्यात ते बीज पक्व होईल तोपर्यंत. म्हणजे चाळिशीतलं बीज चाळीस वर्षं थांबलेलं असतं. या काळात गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारी प्रथिनं, कोहेसिन नावाची, झिजत जातात, मग विभाजनाच्या वेळी कधी कधी गुणसूत्रांची वाटणी चुकते आणि बीजात २१ नंबरचं एक जास्त जातं. डाऊन सिंड्रोमचं वर्णन जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टरनं १८६६ मध्ये केलं होतं, पण त्यामागं २१ नंबरचं जास्तीचं गुणसूत्र आहे हे फ्रान्समध्ये १९५९ ला कळलं, तोपर्यंत जगभर आयांनाच काय काय ऐकून घ्यावं लागलं असणार.

आपल्याकडे अजून लागतं. ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, गड्डा यात्रेच्या गर्दीत फिरली, स्कूटीवर गेली. आणि सोलापुरात एकाच घरात हे मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषांत ऐकायला मिळतं. स्पष्ट सांगते, यातल्या कशाचाही गुणसूत्रांशी संबंध नाही. ही चूक बहुतेक वेळा गर्भ राहायच्या आधीच, बीज पक्व होताना झालेली असते, त्यानंतर तुम्ही काय खाल्लं आणि कुठं गेलात यानं २१ नंबरचं गुणसूत्र वाढत नाही की कमी होत नाही. आणि डाऊन सिंड्रोमची बरीच बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांना होतात, कारण एकूण बाळंतपणंच त्या वयात जास्त असतात. तेव्हा सासूबाई असोत की स्वतःची आई, "उशीर केलास" हे वाक्य या दिवसांत घरात बोलायचंच नाही, आणि ते थांबवायची जबाबदारी नवऱ्याची, त्यानं उठून सांगायचं.

हाय रिस्क आलं की पुढं दोन रस्ते असतात. एक एनआयपीटी, आईच्या हातातून रक्त घेऊन करतात. संशोधक डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की आईच्या रक्तात गर्भाचे डीएनएचे तुकडे फिरत असतात, त्यावर २०११ पासून ही तपासणी बाजारात आली. १० आठवड्यांपासून करता येते, डाऊन सिंड्रोम असलेल्या १०० पैकी साधारण ९९ गर्भ ती पकडते आणि उगाचच पॉझिटिव्ह हजारात एखादी येते. महाग आहे, बऱ्याचदा दहा हजारांच्या वर जाते, विडी वळणाऱ्या किंवा टॉवेल कारखान्यात जाणाऱ्या बाईला ती सहज परवडत नाही हे लिहिताना मला वाईट वाटतं, अशा वेळी आधी सिव्हिलच्या स्त्रीरोग विभागात जाऊन दुसरा पर्याय विचारा, परस्पर कर्ज काढू नका. एनआयपीटी निगेटिव्ह आली तर बऱ्यापैकी निर्धास्त व्हा. पॉझिटिव्ह आली तर चाळिशीतल्या बाईच्या बाबतीत ती दहात नऊ वेळा खरी निघते, पंचविशीतल्या मुलीच्या बाबतीत मात्र साधारण निम्म्या वेळाच, कारण त्या वयात मुळात हे प्रमाणच कमी. पण दहात नऊ म्हणजे दहा नव्हे. ते डीएनए वारेतून आलेलं असतं, आणि क्वचित वारेत बिघाड असतो अन् बाळ ठीक असतं. म्हणून नुसत्या एनआयपीटीवर गर्भपाताचा निर्णय घ्यायचा नाही. कुणीही कितीही घाई केली तरी नाही. आणि एनटी ३.५ मिलिमीटरच्या वर असेल किंवा सोनोग्राफीत काही दिसलं असेल तर डॉक्टर एनआयपीटीवर न थांबता दुसरा रस्ता सुचवतात.

तो म्हणजे सीव्हीएस किंवा अम्नियो, हे निदान. सीव्हीएसमध्ये ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान वारेचा छोटासा नमुना घेतात, अम्नियोत १६ आठवड्यांच्या सुमारास बाळाभोवतीचं थोडं पाणी. सगळे "पोटात सुई" ऐकूनच घाबरतात. सुई बारीक असते, सोनोग्राफीत बघत बघत घालतात, काही मिनिटांचं काम असतं, आणि त्यामुळे गर्भपात व्हायची जादाची शक्यता सरावलेल्या हातांत २०० मध्ये १ पेक्षाही कमी धरतात. सुई टाकणारा डॉक्टर हे नेहमी करतो का, हे विचारायला लाजू नका, त्यासाठी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जावं लागलं तरी जा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर सुईनंतर अँटी-डी इंजेक्शनचं आठवणीनं विचारा. पहिला छोटा रिपोर्ट काही दिवसांत येतो, पूर्ण कॅरिओटाईपला, म्हणजे सगळ्या गुणसूत्रांच्या तपासणीला, दोन ते तीन आठवडे जातात.

हे आठवडे मोजून ठेवावे लागतात कारण कायद्यात मर्यादा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असेल तर दोन डॉक्टरांच्या मतानं २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो, त्यापुढं मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. सही सज्ञान बाईची स्वतःची लागते, नवऱ्याची किंवा सासऱ्यांची कायद्यानं लागत नाही. डबल मार्कर चुकवून सतराव्या आठवड्यात क्वाड्रुपल, म्हणजे चार घटकांची रक्ततपासणी, केली, मग एनआयपीटी, मग अम्नियो, असं करत गेलं की बावीस आठवडे कधी उलटले कळत नाही. म्हणून उशिराच्या गरोदरपणात बाराव्या आठवड्यातली तपासणी टाळू नका, "पुढच्या महिन्यात बघू" तर नकोच.

आणि मधले वाट बघायचे दिवस, त्यांचं काय? ते खरंच वाईट असतात, उगाच धीर देत नाही. पोट दिसायला लागलेलं असतं, शेजारीण विचारते कितवा महिना, आणि बाईला आनंदानं सांगता येत नाही. माझ्या बघण्यात ज्या बायका त्यातल्या त्यात तगल्या त्यांनी दोन-तीन गोष्टी केल्या होत्या. कुणाला सांगायचं ते आधी ठरवलं, चार माणसं, बस, फॅमिली ग्रुपवर काही नाही. प्रश्न वहीत लिहून नेले आणि डॉक्टरांसमोर नवऱ्यानं उत्तरं लिहून घेतली, कारण घाबरलेल्या माणसाला खोलीतून बाहेर पडेपर्यंत निम्मं आठवत नाही. आणि पुढच्या प्रत्येक तपासणीआधी नवरा-बायकोनं एकमेकांना एक प्रश्न विचारला, रिपोर्ट वाईट आला तर आपण काय करणार? काहींनी ठरवलं की बाळ कसंही असो ठेवायचंय, मग सुई घ्यायचीच नाही की फक्त तयारीसाठी माहिती म्हणून घ्यायची हे त्यांना नीट ठरवता आलं. काहींना गरोदरपण थांबवायचं होतं. दोन्हींना माझा सारखाच आदर आहे, आणि बाहेरच्यानं त्यात बोलू नये. ठेवायचं ठरलं तर बाळाच्या हृदयाचा वेगळा स्कॅन करून घ्या, कारण डाऊन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या बाळांत हृदयदोष असतो आणि त्यातल्या बऱ्याच जणांवर आता चांगली शस्त्रक्रिया होते. अशा मुलांच्या आईवडिलांना एकदा भेटा, गूगलवरच्या फोटोंपेक्षा ते जास्त सांगतील. झोपच येईना, रडू थांबेना झालं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं, रात्री दोन वाजतासुद्धा.

एक शेवटचं, पुढची तपासणी नॉर्मल आली की लोक डबल मार्करचा रिपोर्ट फेकून देतात. फेकू नका. पॅप-ए फार कमी असेल तर बाळाची गुणसूत्रं ठीक असूनही वार नीट रुजलेली नसू शकते, पुढं बीपी वाढणं, बाळाची वाढ कमी राहणं असं होऊ शकतं, आणि वय जास्त असलेल्या बायकांत बीपीचा धोका तसाही थोडा जास्तच. अशा वेळी काही जणींना डॉक्टर रोजची कमी डोसची ॲस्पिरिन देतात आणि ती १६ आठवड्यांच्या आत सुरू केलेली जास्त उपयोगी पडते. एनटी जाड असेल तर गुणसूत्रं नॉर्मल आली तरी बाळाचं हृदय नीट बघायला लावा. तो कागद फाईलमध्ये सगळ्यात वर लावा आणि पुढच्या व्हिजिटला स्वतःहून विचारा, "डॉक्टर, माझा पॅप-ए किती होता?"