ट्रेडमिलच्या खोक्यावरचे आकडे

ट्रेडमिलच्या जाहिरातीत सगळ्यात ठळक छापलेला आकडा मोटरचा असतो. ४ एचपी (अश्वशक्ती), ५ एचपी, ६ एचपी. बहुतेक खरेदी याच आकड्यावर ठरते, म्हणून आधी त्याचंच गणित करू. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. मोटर खरोखर ६ एचपी देणार असेल तर तिला किमान ४,४७६ वॅट वीज लागेल. २३० व्होल्टनं भागलं की प्रवाह येतो साधारण १९.५ अँपिअर. आपल्या घरात गिझरसाठी किंवा एसीसाठी जो मोठा पॉइंट असतो तो १६ अँपिअरचा, आणि मोबाईल चार्जर लावतो तो छोटा पॉइंट ६ अँपिअरचा. छोट्या पॉइंटवर जास्तीत जास्त १,३८० वॅट, म्हणजे १.८५ एचपी मिळू शकते. तेव्हा एखाद्या ट्रेडमिलवर ‘४ एचपी’ लिहिलेलं असेल आणि तिच्या वायरला छोटा ६ अँपिअरचा प्लग असेल, तर ती ताकद सलग मिळणं शक्य नाही, हे मशीन सुरू न करताच कळतं.

हा आकडा येतो कुठून? तो ‘पीक’ एचपी असतो. मोटर बंद पडण्याच्या बेतात येईपर्यंत तिच्यावर भार टाकला, तर क्षणभर ती जेवढी शक्ती देते तेवढी. चालणारा माणूस मात्र पट्ट्यावर अर्धा-पाऊण तास असतो. त्याच्या कामाचा आकडा म्हणजे ‘कंटिन्युअस’ एचपी, जो ‘सीएचपी’ असा लिहितात. मोटर जास्त न तापता सलग किती शक्ती देऊ शकते, ते त्यावरून समजतं. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा. उत्तर पत्रकात लेखी नसेल, तर ते मशीन बाजूला ठेवलेलं बरं.

मग प्रत्यक्षात शक्ती लागते तरी किती? ट्रेडमिलची मोटर माणसाला पुढे ढकलत नाही. तिचं मुख्य काम म्हणजे माणसाच्या वजनाखाली दाबला गेलेला पट्टा खालच्या फळीवरून ओढत राहणं. म्हणजे तिची लढाई घर्षणाशी आहे. ७५ किलोच्या माणसाचं वजन साधारण ७३५ न्यूटन. वंगण नीट असताना पट्टा आणि फळी यांच्यातला घर्षणांक (वजनाच्या किती पट बल घर्षणात जातं तो आकडा) ०.२ धरला, तर पट्टा ओढायला १४७ न्यूटन बल लागतं. ताशी ६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १.६७ मीटर. गुणाकार केला की उत्तर येतं २४५ वॅट. ताशी १० किलोमीटरनं धावलं तर सुमारे ४०८ वॅट. मोटर आणि रोलरमधली तूट धरूनही हे १ एचपीच्या आसपासच राहतं. आता वंगण सुकलं आणि घर्षणांक ०.४ झाला असं समजा. त्याच चालण्याला ४९० वॅट लागतील. माणूस तोच, वेग तोच, मोटरवरचा भार दुप्पट. घरगुती ट्रेडमिलची मोटर किंवा कंट्रोल बोर्ड (मोटरला वीज पुरवणारं सर्किट) जळण्यामागे पुष्कळदा हे सुकलेलं वंगणच असतं.

इथे एक मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण तो विकणाऱ्यांच्याही बोलण्यात सहसा येत नाही. मोटरवर जास्त ताण धावण्यानं येतो असं वाटतं. घरगुती ट्रेडमिलमध्ये बहुधा डीसी मोटर असते, आणि ती किती प्रवाह ओढते ते बलावर अवलंबून असतं, वेगावर नाही. ९५ किलोचे आजोबा ताशी ३ किलोमीटरनं चालत असतील, तर पट्टा ओढायला लागणारं बल ६० किलोच्या धावणाऱ्या तरुणापेक्षा जास्त असतं. त्यातच मोटर थंड ठेवणारा पंखा मोटरच्याच दांड्यावर बसवलेला असतो. मोटर हळू, तर पंखाही हळू. प्रवाह जास्त आणि वारा कमी, म्हणून मोटर तापते. तेव्हा ‘आम्हाला फक्त हळूहळू चालायचंय, छोटी मोटर चालेल’ हा हिशेब वजनदार माणसाच्या बाबतीत चुकतो. चालण्यासाठी २ सीएचपी आणि रोज धावणार असाल तर अडीच ते ३ सीएचपी घ्यावी. कमाल वजनाची मर्यादाही घरातल्या सर्वांत जड व्यक्तीपेक्षा २० ते २५ किलोंनी जास्त असावी.

चढाच्या बाबतीतही समज उलटा आहे. पट्टा १० टक्के चढावर ठेवला की माणसाच्या वजनाचा काही भाग पट्ट्याला मागे, म्हणजे तो जिकडे जातोय तिकडेच ढकलतो. ७५ किलोच्या माणसासाठी हे बल ७३ न्यूटनच्या आसपास भरतं. मोटरचं ओझं तेवढं कमी होतं आणि माणसाच्या हृदयाचं वाढतं. गुडघे ठीक असतील तर वेग वाढवण्यापेक्षा चढ वाढवणं मशीनला सोसतं आणि व्यायामही चांगला होतो.

मोटरनंतर पाहायचा तो पट्टा. स्वस्त मशीनमध्ये सगळ्यात आधी काटछाट होते ती इथे. चालण्यासाठी ४० ते ४२ सेंटिमीटर रुंदी आणि ११५ ते १२० सेंटिमीटर लांबी पुरते, पण धावायचं असेल तर रुंदी किमान ४५ आणि लांबी १३० ते १४० हवी. उंच माणसाला याहूनही लांब पट्टा लागतो. पट्टा अरुंद असला की पाय आपोआप जवळजवळ पडू लागतात, चाल बदलते आणि लक्ष सतत कडेकडे राहतं. टेप घेऊन जा आणि दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकच्या पट्ट्या सोडून मोजा. पत्रकातली लांबी-रुंदी कधीकधी पूर्ण सांगाड्याची असते.

आता जागेचा प्रश्न. मशीन स्वतः १७० सेंटिमीटरच्या पुढेमागे असतं. मागे २ मीटर मोकळी जागा सोडायची असते, कारण पाय घसरला तर पट्टा माणसाला मागे फेकतो. तिथे भिंत किंवा पलंग असेल तर माणूस फिरता पट्टा आणि भिंत यांच्यामध्ये अडकतो. घर्षणानं कातडी भाजते, ती अशाच वेळी. दोन्ही मिळून जवळजवळ १२ फूट झाले. १० बाय १२ च्या बेडरूममध्ये पलंग आणि कपाट ठेवून एवढी सरळ रेषा उरत नाही, आणि मशीन घडी होतं म्हणून हा प्रश्न सुटत नाही, कारण चालताना ते उघडंच असतं. जागा नसेल तर ट्रेडमिलचा विचार सोडून व्यायामाची सायकल घ्यावी, हा सल्ला आम्ही अगदी कळकळीनं देतो.

घरात लहान मुलं असतील तर मागच्या टोकाकडे विशेष लक्ष द्या. मे २०२१ मध्ये अमेरिकेत पेलोटन कंपनीनं आपल्या ‘ट्रेड प्लस’ मॉडेलच्या सुमारे सव्वा लाख ट्रेडमिल परत मागवल्या. एका ६ वर्षांच्या मुलाचा त्या मशीनखाली ओढलं जाऊन मृत्यू झाला होता आणि माणसं, पाळीव प्राणी किंवा वस्तू अडकल्याच्या ७० पेक्षा जास्त तक्रारी आल्या होत्या. ट्रेडमिलला बहुधा दोरीची लाल किल्ली असते; ती निघाली की पट्टा थांबतो. चालताना तिचा चिमटा कपड्याला लावायचा आणि उतरल्यावर ती काढून उंच जागी ठेवायची. किल्ली मशीनलाच लटकत राहिली तर तिचा काही उपयोग नाही.

फ्लॅटमध्ये आणखी एक बाब म्हणजे खालचे शेजारी. स्लॅब मोडेल ही भीती अनाठायी आहे. राहत्या खोल्यांचे स्लॅब दर चौरस मीटरला २०० किलोचा भार धरून आखलेले असतात. मशीन आणि माणूस मिळून त्यात बसतात. त्रास होतो तो आवाजाचा. धावताना पाऊल टेकतं त्या क्षणी वजनाच्या दोन-अडीच पट बल बसतं आणि तो ठोका स्लॅबमधून थेट खाली उतरतो. ८-१० मिलिमीटरची रबरी चटई मोटरची घरघर कमी करते, हा धप्प आवाज फारसा नाही. मशीन खोलीच्या मध्यावर न ठेवता बीम किंवा कॉलमजवळ ठेवा. तिथे स्लॅब कमी लवतो आणि फरक खाली लगेच जाणवतो.

वीज घेताना १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि नीट अर्थिंग हवं. एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका, कारण बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि जोडही तापतो. घरच्या इन्व्हर्टरवर ट्रेडमिल चालवू नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बोर्डावर ओल धरते, आणि मोटरच्या उबदार झाकणाखाली पाली-झुरळं शिरून बोर्ड शॉर्ट होतो. पावसाळ्यात मशीन वापरात नसलं तरी दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं रिकामं फिरवा, आणि वापर झाला की प्लग काढून ठेवा.

वंगणासाठी शुद्ध सिलिकॉन ऑइलच हवं. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल किंवा गंज सोडवणारे फवारे वापरू नका. पट्ट्याच्या खालच्या कापडाचं आणि रबराचं त्यानं नुकसान होतं. काही फळ्यांना मेण लावलेलं असतं, त्यांना तेल चालत नाही, म्हणून आधी पुस्तिका पाहा. तपासणी सोपी आहे: प्लग काढा, पट्टा कडेनं उचला आणि माणूस जिथे पाय टाकतो तिथे बोटं फिरवा. कोरडं लागलं तर दोन्ही बाजूंनी मिळून १५-२० मिलिलीटर तेल फळीच्या मधल्या भागावर सोडा आणि मशीन मंद वेगानं पाच मिनिटं चालवा. जास्त तेल ओतलं तर पट्टा रोलरवरच घसरतो.

पट्टा एका बाजूला सरकू लागला तर मागच्या रोलरचे दोन बोल्ट पाहा. मशीन ताशी ४ किलोमीटरनं रिकामं चालू ठेवा. पट्टा डावीकडे जात असेल तर डावा बोल्ट एलन कीनं (षटकोनी किल्लीनं) घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं पाव फेरा फिरवा, एक मिनिट थांबा, मग गरज असेल तर पुन्हा पाव फेरा. घाई केली की पट्टा दुसऱ्या कडेला जाऊन फाटतो. पाऊल टाकताच पट्टा अडखळत असेल तर झाकण काढून पाहावं लागतं. पट्टा थांबतोय पण पुढचा रोलर फिरतोय, तर पट्टा सैल आहे. रोलर थांबतोय पण मोटर फिरतेय, तर मोटरपासून रोलरकडे जाणारा छोटा पट्टा सैल आहे. सगळंच मंदावतंय, तर वंगण, मोटर किंवा बोर्ड. हे पाहणं वायरमनच्या किंवा तंत्रज्ञाच्या हातून करून घ्यावं, कारण उघड्या बोर्डावर प्लग काढल्यानंतरही काही काळ विद्युतभार साठून राहतो.

पडद्यावरच्या कॅलरींवर विसंबू नका. ताशी ५ किलोमीटरनं सपाट चालणं साधारण साडेतीन ‘मेट’ धरतात, म्हणजे स्वस्थ बसण्याच्या साडेतीन पट ऊर्जा. मेट, किलोमधलं वजन आणि तास यांचा गुणाकार म्हणजे ढोबळ किलोकॅलरी. ७० किलोच्या माणसाला अर्ध्या तासात १२० च्या थोडं वर. पडदा २५० दाखवत असेल तर तो चुकतोय, आणि दांडा धरून चालत असाल तर १२० सुद्धा होत नाहीत.

सायकलीकडे वळलेल्यांसाठी थोडं. चाकावर घासणाऱ्या ब्रेकच्या फेल्टपेक्षा (नमद्याच्या तुकड्यापेक्षा) चुंबकाचा रोध घ्या. फिरत्या धातूच्या चाकाजवळ चुंबक आणला की चाकात भोवरी प्रवाह (भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह) तयार होतात आणि तेच चाकाला अडवतात. काहीही घासत नाही, त्यामुळे झीज आणि आवाज जवळजवळ नाही. फेल्टचा तुकडा झिजतो आणि तापला की पकड बदलतो. ‘६ किलोचं फ्लायव्हील’ (पॅडलनं फिरणारं जड चाक) हा आकडाही अपुरा आहे. चाकातली ऊर्जा वजनाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण वेगाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात, म्हणून पॅडलच्या मानानं दुप्पट वेगानं फिरणारं ४ किलोचं चाक सावकाश फिरणाऱ्या तशाच आकाराच्या ८ किलोच्या चाकापेक्षा पाय जास्त गुळगुळीत ठेवतं. दुकानात बसा, रोध वाढवा, आणि पॅडल वर येताना झटका बसतो का ते पाहा. सीट अशी लावा की टाच पॅडलवर ठेवल्यावर खालच्या टोकाला गुडघा सरळ व्हावा. मग पंजानं पॅडल मारताना गुडघ्यात साधारण ३० अंशांचा वाक राहतो. स्पिन बाइक नावाच्या सायकलीचं चाक बहुधा पॅडलला कायमचं जोडलेलं असतं. पाय थांबवले तरी पॅडल फिरत राहतं आणि नडगीवर बसतं, तेव्हा वयस्करांना ती देऊ नका.

डंबेल घेताना एवढंच, की प्लास्टिकच्या वेष्टणातले सिमेंट भरलेले डंबेल तेवढ्याच वजनाच्या ओतीव लोखंडाच्या डंबेलपेक्षा आकारमानानं जवळजवळ तिप्पट असतात, कारण लोखंडाची घनता ७.२ आणि काँक्रीटची सव्वादोन ते अडीच. हात फिरवताना ते मांडीला लागतात आणि शिवण उसवली की भुगा सांडतो. वजन तिथल्या तिथे काट्यावर करून घ्या.

जुनी ट्रेडमिल घेत असाल तर घरातला सर्वांत जड माणूस बरोबर न्या. त्याला ताशी ३ किलोमीटरनं दहा मिनिटं चालू द्या. प्रत्येक पावलाला पट्टा अडखळतो का ते ऐका, मग मशीन बंद करून झाकणाजवळ वास घ्या. जळकट वास येत असेल, पट्ट्याचं खालचं कापड काचेसारखं चकचकीत झालं असेल किंवा फळीवर पावलांच्या जागी खळगा पडला असेल, तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका. नवीन घेत असाल तर हमी मोटरवर किती वर्षांची आहे यापेक्षा कंट्रोल बोर्डावर किती आहे ते विचारा, बोर्डाची आणि पट्ट्याची आजची किंमत लिहून घ्या, आणि दुरुस्तीला माणूस तुमच्या तालुक्यात कुठून येणार ते पैसे देण्याआधी पक्कं करा.