चिंच, ब्रश आणि खारी माती: जुन्या तांब्याच्या नाण्यांची पार्श्वभूमी

तांबं दिसलं की आपला हात चिंचेकडे जातो. देवाची उपकरणी, तांब्या, घंगाळ सगळ्यांना तोच उपाय, आणि जमिनीतून निघालेल्या शिवराईलाही, म्हणजे छत्रपतींच्या नावाच्या तांब्याच्या नाण्यालाही, पिढ्यान्‌पिढ्या तोच लागू झाला. चिंचेतलं टार्टरिक किंवा लिंबातलं सायट्रिक आम्ल कळंक विरघळवतं आणि खालचा लाल धातू उघडा पडतो. भांड्याला हे चालतं. नाण्याचा घोटाळा असा, की शे-दोनशे वर्षं मातीत राहिलेल्या तांब्याचा मूळ पृष्ठभाग पुष्कळदा धातूत उरलेलाच नसतो. तो वरच्या लाल-तपकिरी ऑक्साइडच्या थरात असतो आणि त्याच्यावर मॅलकाइट हा तांब्याचा हिरवा क्षार बसलेला असतो. ‘श्री राजा शिव’मधल्या रेघा त्याच थरात टिकून राहतात. थर गेला की अक्षरं गेली, हाती उरते खड्डे पडलेली लखलखीत चकती. विक्रेता तिचेच जास्त पैसे सांगतो, तो भाग वेगळा.

ठाण्याचंच उदाहरण घ्या. तिथल्या मातीत काय काय निघू शकतं, हे गावाच्या इतिहासावरून कळतं. शिलाहारांचं श्रीस्थानक, मग पोर्तुगीज, 1737 मध्ये मराठे आणि 1774 च्या अखेरीस इंग्रज. आज मध्यवर्ती कारागृह आहे त्या किल्ल्यात 1787 मध्ये पायाचं खोदकाम चालू असताना शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके 939 चे ताम्रपट सापडले. त्यांचा मजकूर पुढच्याच वर्षी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्या खंडात छापून आला. नाण्यांमध्ये शिवराई आणि पेशवाईतली दुदांडी (दोन दांड्यांची शिवराई) ही ओळखीची. त्यांच्या जोडीला कंपनी सरकारची तराजूवाली नाणी. त्यांच्यावर तराजूच्या दोन पारड्यांमध्ये अरबी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय, असं लिहिलेलं असतं. 1791 ची नाणी तर बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत यंत्रावर पाडून इकडे पाठवली होती. त्यांच्या कडा एकसारख्या असतात. शिवराई मात्र हातोड्याने ठोकलेली, त्यामुळे ठसा सरकलेला आणि अर्धं अक्षर नाण्याबाहेर गेलेलं. अशा नाण्यावर जे थोडंफार उमटलंय तेवढंच वाचायला मिळतं, म्हणून ते घासून घालवणं जास्तच महागात पडतं.

घासाघाशीची ही हौस फक्त आपलीच होती असं नाही. बर्लिनच्या राजसंग्रहालयांनी 1888 मध्ये फ्रीडरिश राठगेन या रसायनतज्ज्ञाला नेमून प्रयोगशाळा काढली. तिथे वीजप्रवाह सोडून गंज उतरवण्याच्या पद्धती रुजल्या. वस्तू स्वच्छ होत, पण वरच्या थरातले तपशीलही सोबत जात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश म्युझियमने वस्तू भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत हलवल्या. त्या परत आल्या तेव्हा बऱ्याच खराब झालेल्या होत्या, म्हणून 1920 मध्ये तिथेही प्रयोगशाळा सुरू झाली. भारतात पुरातत्त्व खात्याची विज्ञानशाखा त्याआधीच, 1917 मध्ये, कोलकात्याला निघाली होती; देहरादूनला ती नंतर हलली. पुढच्या काळात हत्यारं हळूहळू सौम्य होत गेली. आज जाणकार भिंगाखाली लाकडी काडीने आणि मऊ ब्रशने माती सोडवतात, आणि थर शक्यतो आहे तसा ठेवतात.

मग नाणं हिरवं आहे तसंच डब्यात ठेवून द्यायचं का? खाडीकाठच्या नाण्याला ते मानवत नाही. ठाण्या-बेलापूरच्या खाऱ्या जमिनीतलं क्लोराइड तांब्यात शिरून क्युप्रस क्लोराइड होऊन बसतं. दमट हवा मिळाली की ते पुन्हा काम सुरू करतं. त्यातून आम्ल तयार होतं, ते ताजं तांबं खातं, आणि चक्र चालू राहतं. फ्रेंच रसायनतज्ज्ञ बर्टलो यांनी 1890 च्या दशकात हे चक्र उलगडून दाखवलं. नाण्यांच्या जगात याला ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात, पण तो निव्वळ तांब्यालाही होतो. निरोगी कळंक गडद, गुळगुळीत आणि घट्ट असतो. रोगाचे ठिपके फिकट, पिस्त्याच्या रंगाचे आणि भुसभुशीत असतात. नखाने पूड निघते आणि पावसाळी हवेत काही दिवसांत तिथेच पुन्हा उगवते.

यावर 1967 मध्ये संवर्धनतज्ज्ञ मॅडसन यांनी बेंझोट्रायझोल सुचवलं. ते तांब्यावर संरक्षक पापुद्रा धरतं आणि अजूनही वापरात आहे, पण ते घरी हाताळण्याचं रसायन नव्हे. घरी करायचं ते एवढंच: ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी बदलत बदलत भिजवणं, पूर्ण वाळवणं, आणि ओलावा शोषणारं सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवणं. डब्यातली आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आत हवी. जुलैत ठाण्याची हवा ऐंशीच्या पुढे असते, त्यामुळे जेल वरचेवर तापवून कोरडं करावं लागतं. पीव्हीसीचे पारदर्शक खिसे मात्र टाळावेत, कारण त्यांतूनही क्लोराइड सुटतं.

या सगळ्याच्या आधी कायदा येतो, आणि नेमकं तेच पुष्कळांच्या गावी नसतं. 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवल्यास वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. दहा रुपयांची मर्यादा आज हास्यास्पद वाटते, पण त्या कळवण्यात काय सापडलं, कुठे आणि कोणत्या तारखेला हे तिन्ही लिहावं लागतं. अभ्यासकाला हवं असतं तेही हेच. चोरबाजारातून आलेल्या शिवराईबरोबर यातलं काहीच येत नाही. फार तर ‘ठाणे साइडचं आहे’ एवढं ऐकायला मिळतं.