पंचवीसपट लहान ट्रक आणि लहान न होणारं विज्ञान

अमेरिकेच्या महामार्गांवर लांब बॉनेटचा ट्रक आणि त्याला जोडलेला ५३ फुटी ट्रेलर धावतो, तेव्हा मालासकट त्याचं वजन कायद्याने ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे ३६ टनांच्या थोडं वर जाऊ शकतं. याच ट्रकची १:२५ या प्रमाणातली प्रतिकृती केली, तर ट्रेलर जेमतेम ६५ सेंटीमीटरचा होतो आणि रुंदी १० सेंटीमीटरच्या किंचित वर. लांबीला २५ने भागायचं, क्षेत्रफळाला ६२५ने आणि आकारमानाला १५,६२५ने. या हिशोबाने ३६ टनांचे सव्वादोन-अडीच किलो होतात.

कागदावरचं गणित इथे संपतं. रेझिनचं, म्हणजे साच्यात द्रव ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकच्या सुट्या भागांचं, किट जोडायला समोर घेऊन बसलं की मात्र लक्षात येतं, की बऱ्याच गोष्टींना हा २५चा भागाकार लागू होत नाही. रंगाच्या थराची जाडी, प्रकाशाची तरंगलांबी, द्रवाचा पृष्ठताण आणि प्लास्टिकच्या रेणूंचं वागणं हे ट्रक लहान झाला म्हणून लहान होत नाही. बारकाव्यांसकट ट्रक बांधणाऱ्याचा बहुतेक वेळ या हट्टी गोष्टींशी जुळवून घेण्यात जातो, आणि माझ्या मते या छंदातला सगळ्यात रसाळ भाग तोच आहे.

आधी रेझिनच का, ते पाहू. दुकानात मिळणारी नेहमीची प्लास्टिक किट पॉलिस्टायरीनची असतात. वितळलेलं पॉलिस्टायरीन मोठ्या दाबाने पोलादी साच्यात घुसवून त्यांचे भाग बनवतात. असा साचा करायला प्रचंड खर्च येतो, त्यामुळे हजारोंनी खपेल अशाच गाडीसाठी तो परवडतो. पीटरबिल्ट कंपनीचा ३५९ हा ट्रक १९६७ ते १९८७ अशी वीस वर्षं बनत होता आणि एएमटी कंपनीने त्याचं १:२५ प्रमाणातलं प्लास्टिक किटही काढलं. पण त्याच काळातल्या एखाद्या वेगळ्या केबिनचं, चालकाच्या झोपायच्या खोलीचं किंवा कमी खपलेल्या ट्रकचं किट हवं असेल तर कोणी पोलादी साचा करत बसत नाही. तिथे सिलिकॉन रबराचा साचा कामी येतो. मूळ नमुना हाताने किंवा त्रिमितीय प्रिंटरवर करायचा, त्यावर द्रव सिलिकॉन ओतून साचा घ्यायचा आणि त्यात रेझिन ओतायचं. काही डझन भाग निघाले की साचा फाटायला, झिजायला लागतो. रेझिनची किट थोडी, महाग आणि मुख्य म्हणजे एकमेकांपासून किंचित वेगळी असतात ती यामुळे.

हे रेझिन बहुतेक वेळा पॉलियुरेथेन असतं. जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ साली या कुळातल्या प्लास्टिकचा पाया घातला. दोन द्रव एकत्र करायचे. एकात पॉलिऑल, दुसऱ्यात आयसोसायनेट. दोघांची गाठ पडली की रेणूंच्या साखळ्या तयार होऊ लागतात, उष्णता बाहेर पडते आणि काही मिनिटांत मिश्रण घट्ट होतं. पण आयसोसायनेटला पाण्याशीही तितकीच ओढ असते. बाटली उघडी राहून हवेतला ओलावा आत शिरला, तर त्या अभिक्रियेतून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि भागात बारीक बुडबुडे अडकतात. ओतताना अडकलेली हवा वेगळीच. म्हणून चांगले किट बनवणारे साचा बंद टाकीत ठेवून आतला दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण चौपट करतात. दाब चौपट झाला की बुडबुड्याचं आकारमान पावपट होतं, शिवाय वायूचा काही भाग रेझिनमध्येच विरघळतो. उरलेला बुडबुडा डोळ्याला दिसत नाही, पण रेडिएटरच्या जाळीचा कोपरा खरवडताना तो अचानक खड्डा होऊन समोर येतो. तिथे पुटी भरून पुन्हा घासणं, एवढाच उपाय.

साच्यातून भाग सुटून यावा म्हणून आतून सिलिकॉनयुक्त तेलकट द्रव मारलेला असतो. त्याचा अदृश्य थर भागावर राहतो, आणि त्याची पृष्ठऊर्जा इतकी कमी असते की रंग त्यावर पसरण्याऐवजी आक्रसून ठिपक्या-ठिपक्यांत गोळा होतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश घेऊन प्रत्येक भाग धुतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता ज्या भागावर मी सर्वाधिक वेळ खर्च करायला सांगेन, तो म्हणजे चासी, ट्रकचा खालचा सांगाडा. बहुतेकांचे डोळे केबिनकडे आणि चकचकीत बंपरकडे जातात, पण चासीचे दोन लांब रूळ सरळ नसतील तर पुढचं काहीच सरळ बसत नाही. दहापैकी एक चाक हवेत राहतं, आणि ते लपवता येत नाही. खऱ्या ट्रकचे रूळ इंग्रजी सी आकाराच्या छेदाचे, उच्च ताकदीच्या पोलादाचे असतात. रेझिनची ताठरता पोलादाच्या साधारण शंभरावा हिस्सा, घनता सातवा हिस्सा. म्हणजे स्वतःच्या वजनाने वाकण्याच्या बाबतीत रेझिन पोलादापेक्षा सुमारे चौदापट कच्चं ठरतं. पण लहान होण्याचा इथे फायदा मिळतो: तुळई सगळ्या बाजूंनी २५पट लहान केली, की लांबीच्या तुलनेत तिचं वाकणंही २५पट कमी होतं. चौदाचा तोटा आणि पंचवीसचा फायदा, म्हणजे रेझिनची चासी ओतल्या दिवशी खऱ्या ट्रकइतकी, किंबहुना थोडी जास्तच ताठ वागते.

अडचण नंतर सुरू होते. पोलाद नेहमीच्या तापमानाला वर्षानुवर्षं भार सोसून तसंच राहतं. पॉलियुरेथेनच्या साखळ्या मात्र कायमच्या भाराखाली मुंगीच्या पावलाने सरकत राहतात. अभियांत्रिकीत याला विसर्पण म्हणतात. उन्हाळ्यात हे सरकणं वाढतं आणि शेल्फवर दिमाखात उभ्या असलेल्या ट्रकचं पोट वर्षभरात खाली येतं. त्यात ओतताना होणारं आकुंचन मिळवा. ते अर्धा टक्का धरलं तरी २८ सेंटीमीटरचा रूळ १.४ मिलिमीटरने आखूड होतो, म्हणजे खऱ्या ट्रकवर साडेतीन सेंटीमीटर. डावा आणि उजवा रूळ वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या साच्यांतून निघालेले असतील तर त्यांची लांबी आधी एकमेकांशी ताडून पाहावी. रुळाच्या आतल्या खाचेत पितळेची बारीक पट्टी किंवा तार इपॉक्सी गोंदाने बसवली, की विसर्पणाचा प्रश्न बराचसा मिटतो, कारण भार पितळ घेतं.

वाकडा आलेला रूळ सरळ करायचा तर ६०-७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात काही मिनिटं बुडवायचा. रेझिनचे रेणू एकमेकांना जाळ्यासारखे जोडलेले असल्याने ते वितळत नाहीत, फक्त मऊ पडतात. इथे एक सुंदर गोष्ट घडते. भाग साच्यात सरळ घट्ट झाला असेल आणि नंतर खोक्यात दबून वाकला असेल, तर गरम पाण्यात तो आपणहून सरळ होऊ लागतो. जाळ्याला मूळचा आकार आठवत असतो म्हणा ना. पण पुरता घट्ट व्हायच्या आत साच्यातून काढल्यामुळे वाकला असेल, तर तो वाकडेपणाच त्याचा मूळ आकार बनलेला असतो. असा भाग सपाट काचेवर दाबून धरून गार पाण्यात थंड करावा लागतो, आणि पुढे कधी तापला तर तो पुन्हा वाकडा होऊ शकतो. त्याला पितळेचा आधार द्यावाच.

जोडणीचंही तसंच. पॉलिस्टायरीन जोडायला वापरतात तो ‘सिमेंट’ नावाचा द्रव खरं म्हणजे गोंद नसतो. तो दोन्ही कडा विरघळवतो, साखळ्या एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेला की सांधा एकजीव होतो. रेझिनचं जाळं त्यात विरघळत नाही, म्हणून इथे सुपरग्लू किंवा इपॉक्सी लागते. सुपरग्लूमधलं सायनोॲक्रिलेट हॅरी कूव्हर यांच्या हाती १९४२ साली लागलं. बंदुकीच्या पारदर्शक दर्शकासाठी प्लास्टिक शोधताना ते सगळ्याच गोष्टींना चिकटत असल्याने बाजूला पडलं आणि गोंद म्हणून बाजारात यायला १९५८ साल उजाडलं. पृष्ठभागावरच्या ओलाव्याचा सूक्ष्म थरसुद्धा त्याचे रेणू साखळीत गुंफायला पुरतो. पातळ सुपरग्लू केशाकर्षणाने फटीत आपोआप ओढला जातो, म्हणून आधी भाग जुळवून धरायचे आणि मग कडेला थेंब टेकवायचा. मात्र त्याची वाफ जवळपासच्या पृष्ठभागावर बसून पांढुरकी साय धरते. केबिनच्या काचा बसवताना तो अजिबात वापरू नये. पातळ पांढरा गोंद पुरतो.

आता रंग. खऱ्या ट्रकच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा लेप असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). प्रमाणात बसवायचा तर प्रतिकृतीवर ४ ते ६ मायक्रॉनच जागा उरते. एअरब्रश, म्हणजे रंगाचा बारीक फवारा मारायचं साधन, कितीही हलक्या हाताने चालवला तरी सगळे थर मिळून ५० मायक्रॉनच्या आसपास होतातच. खऱ्या ट्रकवर सव्वा मिलिमीटर जाडीचा रंग थापल्यासारखं ते झालं. ३५९ची केबिन ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची, रिव्हेटांनी सांधलेली. तिच्या रिव्हेटचं डोकं प्रतिकृतीत मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकंही उंच नसतं. ओला रंग पृष्ठताणामुळे उंचवट्यांवरून ओघळतो आणि खाचांत जमतो, त्यामुळे रिव्हेट बोथट होतात आणि दाराच्या फटी भरून येतात. म्हणून रंगवण्याआधी दारांच्या रेषा बारीक सुईने किंचित जास्तच खोल कोरायच्या, रंगाने किती भरतील ते आधीच धरून. माप थोडं खोटं केल्याशिवाय ट्रक खरा दिसत नाही.

चमकणाऱ्या मेटॅलिक रंगाचंही असंच. त्यातला २० मायक्रॉनचा ॲल्युमिनियमचा कण २५ने गुणला तर अर्ध्या मिलिमीटरचा होतो. गाड्यांचा रंग जसाच्या तसा मारला तर केबिनवर खडे चिकटल्यासारखे दिसतात. सगळ्यात बारीक दळलेला कण असलेला रंगच घ्यावा.

आणि क्रोम. अमेरिकी ट्रकची ओळखच त्याच्या बंपरवर, डिझेलच्या टाक्यांवर आणि केबिनमागे उभ्या दोन धुराड्यांवर आहे. प्लास्टिक किटमधला ‘क्रोम’ म्हणजे निर्वात कोठीत ॲल्युमिनियमची वाफ करून बसवलेला थर असतो, त्यात क्रोमियम नसतं. रेझिनचे भाग बहुधा कोरेच येतात, म्हणून हे काम आपल्याकडे. आरसा दिसायचा तर पृष्ठभागावरचे चढउतार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण आठव्या भागापेक्षा लहान हवेत. हिरव्या प्रकाशासाठी हे अंतर ७० नॅनोमीटरच्या आसपास येतं, आणि ते प्रतिकृतीलाही तेवढंच लागू असतं. २००० नंबरच्या पॉलिश पेपरचे कण साधारण १० मायक्रॉनचे, म्हणजे त्याचे ओरखडेसुद्धा इथे खडबडीत. त्यामुळे भाग ओला ठेवून क्रमाक्रमाने बारीक पेपर, मग पॉलिशची पेस्ट, त्यावर चकचकीत काळा रंग आणि तो पूर्ण वाळल्यावर धातूचा अतिशय पातळ फवारा. काळा अशासाठी, की थरातून आरपार गेलेला प्रकाश त्याने गिळावा आणि परावर्तन फक्त धातूकडून यावं. पेपर मारताना भाग ओला ठेवायचं दुसरं कारण फुप्फुसं. रेझिनची कोरडी धूळ फार बारीक असते, मास्क हवाच.

केबिनच्या मागे ट्रेलरकडे जाणाऱ्या हवेच्या दोन नळ्या असतात, लाल आणि निळी. निळीतून चालकाने ब्रेक दाबल्याचा संदेश जातो. लाल नळी ट्रेलरच्या टाकीला हवा पुरवत राहते आणि तिच्यातला दाब गेला की ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. म्हणून लाल नळी लोंबकळत ठेवून ट्रेलर चालता दाखवता येत नाही. अर्ध्या मिलिमीटरची तार बारीक सळईवर गुंडाळली की या नळ्यांची वेटोळी होतात.

शेवटी टायर. खरा टायर भाराखाली जमिनीशी चपटा होतो आणि बाजूंना फुगतो. प्रतिकृतीचा टायर एवढ्याशा वजनाने दबत नाही आणि ट्रक जमिनीवर तरंगल्यासारखा दिसतो. टायरचा तळ पॉलिश पेपरवर हलकेच घासून सपाट केला, तर कितीतरी टनांचं वजन तिथे उभं असल्याचा भास होतो. किटचे टायर मऊ व्हिनाइलचे असतील आणि चाकाच्या रिमा पॉलिस्टायरीनच्या, तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेलं तेलासारखं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि रिमचं पॉलिस्टायरीन वितळवतं. टायर आणि रिम यांच्यामध्ये धातूच्या पातळ फॉइलची पट्टी घालायची. ती बाहेरून दिसत नाही.