बॅटरीत उरलंय किती?

गाडीची बॅटरी किती चार्ज आहे हे व्होल्टमीटर लावून कळेल असं वाटतं, पण तसं होत नाही. पूर्ण चार्ज झालेली लेड-ॲसिड बॅटरी निवांत असताना साधारण 12.7 व्होल्ट दाखवते आणि बरीचशी उतरलेली 12 च्या आसपास. सगळा खेळ जेमतेम पाऊण व्होल्टचा. त्यात इंजिन चालू असलं की आल्टरनेटरमुळे, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रामुळे, आकडा 14 च्या घरात जातो.

म्हणून बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलच्या क्लॅम्पवरच एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तो व्होल्टेज आणि तापमान मोजतो, पण त्याचं खरं काम करंट मोजणं. बॅटरीतून जाणारा आणि तिच्यात येणारा करंट एका धातूच्या पट्टीतून जातो. ही पट्टी म्हणजे शंट. ती मँगॅनिनची, म्हणजे तांबं, मँगनीज आणि निकेल यांच्या मिश्रधातूची असते, कारण बॉनेटखाली कितीही तापलं तरी मँगॅनिनचा रोध फारसा बदलत नाही. हा रोध साधारण 100 मायक्रोओहम, म्हणजे ओहमचा दहा हजारावा भाग. पट्टीच्या दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक मोजला की ओहमच्या नियमाने करंट निघतो.

ऐकायला सोपं आहे. पण सेल्फ मारताना 500 अँपिअर वाहत असतील तर हा फरक 50 मिलिव्होल्ट असतो. गाडी बंद करून लॉक केली, की अलार्म वगैरेंसाठी 20 मिलिअँपिअर जात राहतात, तेव्हा तो फक्त 2 मायक्रोव्होल्ट. पंचवीस हजार पटींचा फरक, आणि दोन्ही टोकं एकाच पट्टीवर अचूक वाचायची! मला तरी या सेन्सरमधली खरी करामत हीच वाटते.

पुढचं काम जमाखर्चाचं. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, याची बेरीज-वजाबाकी सतत चालू असते. मात्र चुकाही साचत जातात. मोजणीत कायम 10 मिलिअँपिअरची चूक राहिली, तर महिन्याभरात हिशेब 7 अँपिअर-अवरनी चुकतो (एक अँपिअर करंट तासभर वाहिला की एक अँपिअर-अवर). 60 अँपिअर-अवरच्या बॅटरीसाठी हे थोडं नाही. त्यामुळे गाडी काही तास उभी राहून बॅटरी शांत झाली, की त्या स्थिर व्होल्टेजवरून हिशेब दुरुस्त केला जातो. चालत्या गाडीत फसवणारा आकडा इथे कामी येतो.

बॅटरीचं वय मात्र सेल्फ मारतानाच उघडं पडतं. 400 अँपिअर ओढल्यावर व्होल्टेज 2 व्होल्टनी पडलं, तर अंतर्गत रोध 5 मिलिओहम. बॅटरी म्हातारी होते तसा तो वाढतो. थंडीतही वाढतो, म्हणून तापमान लक्षात घ्यावं लागतं. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करायचं की नाही, हे ठरवताना गाडी ही माहिती बघते: बंद केलं आणि पुन्हा सुरूच झालं नाही तर?

अशी गाडी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करण्यासाठी जंपर केबल लावताना काळी केबल थेट बॅटरीच्या टर्मिनलला न लावता बॉडीवरच्या अर्थ पॉइंटला लावायला सांगतात. ठिणगी बॅटरीपासून लांब राहते हे एक कारण. दुसरं असं, की थेट टर्मिनलला लावली तर आत आलेला करंट शंटमधून जातच नाही आणि सेन्सरच्या वहीत त्याची नोंद होत नाही. बॅटरी नवी बसवल्यावरही काही गाड्यांत तशी नोंद स्कॅनरने करावी लागते. नाहीतर गाडी जुन्याच बॅटरीच्या हिशेबाने चार्जिंग करत राहते.