टी-रेक्स शेपटी घासत चालायचा का?

टी-रेक्स हा मांसाहारी डायनासोर माणसासारखा ताठ उभा राहून शेपटी जमिनीवर घासत चालायचा, असं फॉरवर्डमध्ये नेहमी येतं. तसं नव्हतं. शेपटी घासली असती तर चिखलात पावलांच्या मधोमध लांब चर उमटला असता ना, पण मांसाहारी डायनासोरच्या दगड झालेल्या पाऊलखुणांत तो क्वचितच दिसतो (फोटो शोधून स्वतःच बघा). शिवाय टी-रेक्सला तसं ताठ करायचं तर शेपटीचे मणके सांध्यातून निखळवावे लागतात. पाठ साधारण आडवी, पुढे जड डोकं, मागे शेपटी आणि तोल कमरेवर, अगदी सी-सॉ. म्हणून लांबी १२ मीटर असली तरी कमरेपाशी उंची जेमतेम ४ मीटर. गैरसमज होणं साहजिकच, १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये सांगाडा ताठच उभा केला होता आणि मग पोस्टर, खेळणी सगळी तशीच निघाली.