आनंदवन

आनंदवन ही चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा शहरालगत कुष्ठरुग्णांनी स्वतःच्या श्रमावर उभी केलेली वसाहत. मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे (१९१४–२००८) आणि साधनाताई आमटे यांनी तिची मुहूर्तमेढ रोवली. महारोगी सेवा समिती १९४९ साली स्थापन झाली आणि जून १९५१ मध्ये विनोबा भावे यांच्या हस्ते वस्तीचे उद्घाटन झाले. स्वयंपूर्ण, शांत वस्तीचे स्वप्न पाहणारे बहुधा आपण होऊन गाव सोडून निघालेले असतात. आनंदवनात आले त्यांना मात्र गावाने आधीच हाकलून दिले होते. इथली स्वयंपूर्णता समजून घ्यायची तर सुरुवात या हाकलण्यापासून करावी लागते.

बाबा वरोऱ्यात वकिली करत. नगरपालिकेत असताना त्यांनी सफाई कामगारांबरोबर मैला वाहण्याचे कामही केले. त्याच काळात एका पावसाळी रात्री त्यांना गटाराजवळ पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण दिसला. त्याच्या हातापायांची बोटे झडली होती, जखमांत अळ्या पडल्या होत्या. बाबा भ्याले आणि तिथून निघून गेले. त्या भीतीची लाज वाटून परतले, तुळशीरामला आडोसा करून दिला आणि त्याची शुश्रूषा केली. पुढे त्यांनी कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे प्रशिक्षण घेतले.

सरकारने दिलेली ५० एकर जमीन खडकाळ, झुडपांनी भरलेली आणि बिनपाण्याची होती. आमटे दांपत्य, विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये एवढ्या भांडवलावर काम सुरू झाले. पहिली विहीर रुग्णांनीच खणली. कुष्ठरोगात हाताची संवेदना जाते. कुदळीच्या दांड्याने फोड येतो, फुटतो, चिघळतो, तरी त्या माणसाला कळत नाही. म्हणून अवजाराच्या मुठीला जाड कापड गुंडाळावे लागते आणि संध्याकाळी प्रत्येकाचे तळहात डोळ्यांनी तपासावे लागतात. अशा हातांनी खडक फोडला, हे वाचताना क्षणभर थांबायला हवे.

पाणी लागले, भाजीपाला पिकला, पण वरोऱ्याच्या बाजारात तो कोणी घेईना. महारोग्यांच्या हातची भाजी, महारोग्यांकडचे दूध! म्हणजे पिकवावे तेही आपण आणि खावे तेही आपणच. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक येऊन राहिले, त्यांनी रुग्णांबरोबर दवाखान्याच्या इमारतीचे बांधकाम केले, त्यांच्यासोबत जेवले. हे पाहून शहराची भीती हळूहळू ओसरली आणि भाजी विकली जाऊ लागली.

जमीन पुढे चारशे एकरांच्या वर गेली. धान्य, भाजी, दूध, कापड, चपला, सतरंज्या, लोखंडी व लाकडी फर्निचर वसाहतीतच होऊ लागले, मीठ-साखरेसारख्या मोजक्या गोष्टी बाहेरून येत. अंध, मूकबधिर व अस्थिव्यंग असलेल्यांसाठी शाळा आणि कार्यशाळा निघाल्या. १९६४ साली आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले आणि ज्यांनी भाजी नाकारली त्याच परिसरातली मुले तिथे शिकायला आली. बऱ्या झालेल्यांची लग्ने लागली, संसार उभे राहिले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून भारतीय कायद्यांतून २०१९ साली वगळले गेले, हे ध्यानात घेतले की या लग्नांचे मोल कळते. चंद्रपूर जिल्ह्यातल्याच सोमनाथची शेती आणि तिथली तरुणांसाठीची श्रमसंस्कार छावणी, तसेच १९७३ पासूनचा हेमलकसा येथील आदिवासींसाठीचा लोकबिरादरी प्रकल्प या आनंदवनाच्याच शाखा.

स्वयंपूर्ण म्हणताना एक मर्यादाही सांगितली पाहिजे. आनंदवन देणग्यांशिवाय चाललेले नाही. दवाखाना, शाळा, वृद्धांचा सांभाळ यांचा खर्च केवळ शेती व कारखान्यांतून भागण्यासारखा नव्हता. यामुळे त्याची थोरवी कमी होते असे मला वाटत नाही. बाबांनी दयेऐवजी कामाची संधी मागितली होती आणि वसाहतीचा रोजचा व्यवहार त्याच पायावर उभा राहिला.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची, म्हणजे एकाच वेळी अनेक औषधे देण्याची, शिफारस केल्यानंतर कुष्ठरोग काही महिन्यांत बरा होऊ लागला. विकृती येण्याआधीच उपचार मिळाल्याने अनेकांना घर सोडावे लागले नाही. जुने रहिवासी मात्र इथेच म्हातारे झाले. रोग कधीच गेला, पण पायांची संवेदना परत आली नाही, त्यामुळे तळव्यांच्या जखमांची मलमपट्टी सुरूच राहते. ९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबांचे निधन झाले. दहन न करता त्यांना आनंदवनाच्या मातीतच पुरण्यात आले.